आठ नंबरचा हट्ट

सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टेकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ यायची. बाथरूमपर्यंत मी भिंत धरून चवड्यांवर जायचो. दहा-बारा पावलं झाली की कळ बसायची, आणि शिफ्ट संपत आली की पुन्हा डोकं वर काढायची. काम गोदामातलं. दहा तास काँक्रीटवर उभं राहायचं, रॅकमधून खोकी काढायची, ट्रॉली ढकलायची. अशा कामात पाय दुखणारच, अशी मी सहा महिने स्वतःची समजूत घालत होतो.

त्या सहा महिन्यांत मी एक शहाणपणा केला. पाय दुखतात ना, मग मऊ बूट घ्या! दुकानातला सगळ्यात मऊ जोड घातला, गादीवर उभं राहिल्यासारखं वाटलं, पाच मिनिटांत पैसे देऊन मोकळा झालो. नंबर आठ. कॉलेजपासून माझा नंबर आठच, त्यात विचार कसला करायचा?

डॉक्टरांनी टाचेखाली आतल्या बाजूला अंगठा दाबला तेव्हा मी खुर्चीतून जवळजवळ उठलोच. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, तो दुखावला होता. रात्रभरात तो आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो, म्हणून सकाळची कळ. प्लांटार फॅशिआयटिस असं त्याचं भारदस्त नाव. मग त्यांनी माझे बूट टेबलावर ठेवून मागून बघायला सांगितलं. दोन्ही बूट आतल्या बाजूला कलले होते, दोन दारुडे एकमेकांवर रेलतात तसे. फोम दबून पार चपटा झाला होता. मी ज्याला आराम समजत होतो त्यावर पाय दिवसभर तोल सावरत होता. पोटऱ्या ताणायचे व्यायामही दिले, ते मी खरं सांगायचं तर निम्मे दिवस करतो.

पुढचं शिकवलं ते गोदामातल्या एका जुन्या काकांनी. म्हणाले, "अरे, बूट घ्यायला सुट्टीच्या दिवशी सकाळी नको जाऊस. कामावरून सुटलास की तसाच जा, कामाचे मोजे घालून. आणि त्याआधी पायाचा कागद काढ." दिवसभर उभं राहून पाय सुजतात, म्हणून संध्याकाळ. कागदाचं मात्र मला हसू आलं. तरी घरी कागदावर दोन्ही पायांवर भार देऊन उभा राहिलो, बायकोने पेन्सिल सरळ धरून कड काढली, आणि तो आकार कापून जुन्या बुटातून काढलेल्या इनसोलवर, म्हणजे आतल्या सुट्या तळावर, ठेवला. करंगळीच्या बाजूला कागद चांगला बोटभर बाहेर! शिवाय डावा पाय उजव्यापेक्षा लांब. कॉलेजपासून मी माझी करंगळी दाबून ठेवत होतो आणि "नवीन बूट चावतातच" म्हणत होतो. आपल्याकडे चालतो तो ब्रिटिश नंबर फक्त लांबी सांगतो, एका नंबरात इंचाचा तिसरा भाग, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. पंजाची रुंदी त्यात कुठेच नाही.

आमच्याकडे पुढे बोटांवर कडक टोपी असलेले सेफ्टी बूट सक्तीचे. आयएसओ २०३४५ मानकाप्रमाणे त्या टोपीने २०० ज्यूलचा आघात सोसायचा असतो, म्हणजे साधारण २० किलोचं वजन एक मीटरवरून पडावं तितका. एवढी कडक वस्तू वापरून सैल होत नसते. तरी दुकानातला मुलगा सांगत होता, "आठवडाभर घाला, पायाला बसतील." चामडं बसेल रे, टोपी कशी बसेल? मी उकिडवा बसून पाहिलं, कारण खालच्या रॅकसाठी दिवसातून शंभरदा तसं बसावं लागतं. टोपीची मागची कड अंगठ्याच्या सांध्यावर रुतली. तो जोड परत.

मग प्रत्येक बुटाचं इनसोल काढून आधी त्यावर कागद ठेवायचा, हा माझा नियम झाला. कागद बाहेर आला की बूट पायात घालायचाच नाही. मग टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबायचा, तो आत चेपता कामा नये. बूट वाकवायचा, तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध मोडला तर नको. शेवटी ओलं फडकं पिळावं तसा पिळून बघायचा. जो सहज पिळला जाईल तो पायाला काय धरणार? दुकानदार वैतागला होता, पण बोलला नाही.

शेवटी डाव्या पायाच्या मापाने नऊ नंबर, रुंद पंजाचा, पोलादाऐवजी कंपोझिट, म्हणजे तंतू मिसळलेल्या प्लॅस्टिकच्या, टोपीचा हलका जोड मिळाला. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा. हाताला चक्क कडक लागतो. वीस मिनिटं दुकानातच फिरलो. घरी चार दिवस फरशीवर दोन-दोन तास घातला, म्हणजे सोल कोरा राहील आणि बदलून घ्यायची वेळ आली तर बोलायला जागा राहील.

एकच खोड निघाली, चालताना टाच वर सरकायची. काकांनी सगळ्यात वरच्या, एरवी रिकाम्या राहणाऱ्या भोकांतून लेसचा छोटा फास काढला, समोरची लेस त्यातून ओवून खेचली. टाच जागेवर. ती दोन भोकं शोभेची आहेत असं मी इतकी वर्षं समजत होतो.

सकाळची कळ जायला तीनेक महिने लागले, एकदम नाही गेली. बूट पहिल्यांदा घातले त्या दिवसाची तारीख मी बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला बॉलपेनने लिहून ठेवली होती. काल दहा महिने झाले. टेबलावर ठेवून मागून पाहिलं, डावा किंचित कललाय. कागद पाकिटात घडी करून ठेवलाय, आज शिफ्ट संपली की जातो.