तुम्ही विचारलंत म्हणून : दोन्ही गाड्या एकच, मग तीन महिने काय बघत होतीस?

हा प्रश्न मला गणपतीत प्रसादाच्या रांगेत विचारतात, ऑफिसात विचारतात, आणि पुण्याचा मामेभाऊ तर दर फोनला विचारतो. "टोयोटाची जीआर ८६ आणि सुबारूची बीआरझेड, दोन्ही एकाच कारखान्यातून येतात. इंजिन तेच, दारं तीच, सीटा त्याच. फक्त बिल्ला वेगळा. मग ताई, तीन महिने तू काय बघत होतीस?"

आज सविस्तर सांगते.

मामेभावाचं अर्धं बरोबर आहे. जपानमधल्या गुन्मा प्रांतात ओता नावाचं गाव आहे, तिथल्या सुबारूच्या कारखान्यात या दोन्ही छोट्या स्पोर्ट्स गाड्या बनतात. इंजिन सुबारूचं, २.४ लिटरचं. त्यातले चार पिस्टन उभे नसतात, आडवे असतात, दोन इकडे आणि दोन तिकडे. सुबारू १९६६ पासून अशी आडवी इंजिनं बनवते. त्यामुळे इंजिनाचं वजन खाली राहतं आणि वळणावर गाडी कमी कलते. टर्बो नाही. ताकद २२८ हॉर्सपॉवर, ती इंजिनाच्या मिनिटाला ७००० फेऱ्यांवर मिळते. गाडीचं वजन १३०० किलोच्या आतच. गिअर हाताने टाकायचे, सहा. आणि ताकद मागच्या चाकांना.

हे शेवटचं माझ्यासाठी सगळ्यात मोठं. मी चिपळूणची. अण्णांकडे प्रीमियर पद्मिनी होती, तीही मागच्या चाकांवर चालणारी. पावसाळ्यात कुंभार्ली घाटात वळणावर लाल चिखल वाहून आलेला असायचा, त्यावर मागची चाकं हलकीशी बाजूला सरकायची. आई डोळे मिटायची. अण्णा ॲक्सिलरेटर जरासा सोडायचे, स्टिअरिंग सरकण्याच्या दिशेने बोटभर फिरवायचे, गाडी पुन्हा रेषेवर. मी मागच्या सीटवरून त्यांचे हात बघायचे. तो बोटभर हिशोब आपल्यालाही यावा असं तेव्हापासून वाटत होतं. शिकायला वयाची बेचाळीस वर्षं उलटली आणि गाव आलं शार्लट, नॉर्थ कॅरोलायना.

फोर्डची मस्टँग का नाही, हेही बरेच जण विचारतात. ती तीनशे किलोहून जास्त जड. मला ताकद नको होती, हाताला काही कळायला हवं होतं. तो विषय तिथेच संपला. राहिल्या या दोन जुळ्या.

शोरूममधली टेस्ट ड्राइव्ह या कामाला पुरत नाही. पंधरा मिनिटं मिळतात, रस्ता सरळ, चार सिग्नल, एक उजवं वळण, परत. एका ठिकाणी तर विक्रेता सगळी माहिती माझ्या नवऱ्याकडे बघून देत होता. गाडी माझी, पैसे माझे, प्रश्न मी विचारत होते, आणि उत्तरं त्याला मिळत होती. मी गाडीत न बसताच निघाले. बायकांनो, तुम्हीही निघा. दुसरं शोरूम असतंच.

मग मी वेगळा मार्ग धरला. इथे लोक आपली गाडी ॲपवरून दिवसाच्या भाड्याने देतात. सप्टेंबर २०२३ मध्ये एका शनिवारी बीआरझेड घेतली, पुढच्या शनिवारी जीआर ८६. दोन्ही वेळा तोच रस्ता: शार्लटहून ब्लोइंग रॉक, आणि तिथून ब्लू रिज पार्कवे. हा पार्कवे ४६९ मैलांचा आहे, डोंगराच्या माथ्यामाथ्याने जातो. मालवाहू ट्रकना बंदी, वेगाची मर्यादा ताशी ४५ मैल, म्हणजे साधारण ७२ किलोमीटर. ग्रँडफादर माउंटनच्या कुशीत लिन कोव्ह नावाचा पूल आहे. डोंगर न फोडता त्याच्या अंगाला लपेटत नेलेला. काँक्रीटचे १५३ तुकडे जोडून केलाय आणि त्यातला एकच तुकडा सरळ आहे. दोन गाड्यांमधला फरक बघायला याहून चांगली जागा मला सुचत नाही. (सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळात पार्कवे ठिकठिकाणी खचला. तेव्हा बातम्या बघताना मला कुंभार्लीतल्या दरडी आठवत होत्या.)

बीआरझेडच्या दिवशी पाऊस होता. पार्कवेवर चढतानाचं वळण ओलं, पानं पडलेली. गाडी गुपचूप वळली. दिवसभर तशीच वागली, शहाण्या मुलीसारखी. दोन तास चालवूनही खांदे दुखले नाहीत.

पुढच्या शनिवारी पुन्हा पाऊस. तेच वळण, जीआर ८६. मी तेवढाच ॲक्सिलरेटर दिला आणि मागची बाजू जराशी सरकली. घसरण आवरणारी यंत्रणा लगेच मध्ये पडली, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला, गाडी सावरली. पोटात गोळा आला. घरी येऊन वहीत लिहिलं: "बीआरझेड. निर्णय झाला."

लोक कागदावरचे आकडे सांगतात तेही याच्याशी जुळत होते. बीआरझेडची पुढची स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला ३० न्यूटन जोर लागतो, जीआर ८६ ला २८. मागे उलट, बीआरझेडला ३५ आणि जीआर ८६ ला ३९. म्हणजे सुबारूवाल्यांनी नाक कडक ठेवलं आणि शेपूट मऊ, टोयोटावाल्यांनी नाक मऊ आणि शेपूट कडक. ज्या बाजूची स्प्रिंग कडक, त्या बाजूच्या बाहेरच्या टायरवर वळणात जास्त भार येतो आणि ती बाजू आधी पकड सोडते. म्हणून बीआरझेडचं नाक आधी वळणाबाहेर सरकतं आणि जीआर ८६ ची शेपूट आधी फिरते. मी जे अनुभवलं त्याचं कारण हेच, असं मी ठरवून टाकलं. आठवडाभर सगळ्यांना तसं सांगितलंही.

आणि मग एका संध्याकाळी दोन्ही गाड्यांचे मी काढलेले फोटो बघत होते. बीआरझेडची चाकं काळी आणि मोठी दिसत होती. फोटो मोठा करून टायरवरची अक्षरं वाचली. बीआरझेडवर १८ इंची मिशेलिन पायलट स्पोर्ट ४. जीआर ८६ वर १७ इंची मिशेलिन प्रायमसी. पहिला टायर पकडीसाठी बनवलेला. दुसरा कमी आवाजाचा, आरामात प्रवास करणाऱ्या गाड्यांचा. प्रियससारख्या हायब्रिड गाडीवर शोभेल असा.

मी गाड्यांची तुलना केलीच नव्हती. मी टायरची तुलना केली होती, आणि स्प्रिंगचे आकडे तिला नंतर चिकटवले होते. ते आकडे खरे होते, म्हणून तर मी फसले. चुकीचे असते तर शंका तरी आली असती.

तुम्ही विचारता ना तीन महिने कशात गेले? यात गेले. मी पुन्हा सुरुवात केली. पायलट स्पोर्टवाली, १८ इंची चाकांची जीआर ८६ भाड्याने मिळवायला ऑक्टोबर उजाडला. दोन्ही गाड्यांच्या टायरमधली हवा मी स्वतः सकाळी थंड असताना मोजली. तोच रस्ता, तीच वेळ, सोबत तोच नवरा तेवढ्याच वजनाचा. या वेळी मोठा फरक नाहीसा झाला. उरला तो छोटा आणि खरा फरक. स्टिअरिंग फिरवलं की जीआर ८६ चं नाक एक श्वास आधी आत येतं. बीआरझेड आधी विचारते, मग वळते. आणि आमच्या ४८५ हायवेच्या काँक्रीटच्या सांध्यांवर जीआर ८६ ची मागची बाजू जास्त ठोकते, पाठीला कळतं. एवढाच. कोरड्या रस्त्यावर, कायद्याच्या वेगात, डोळे बांधून मला कुणी बसवलं असतं तर दहातल्या सात वेळा ओळखलं असतं, दहाच्या दहा नाही.

इथे मी आणखी एक गोष्ट बघितली, आणि निर्णय तिनेच फिरवला. पायलट स्पोर्ट घातलेल्या दोन्ही गाड्या ४५ मैलांच्या मर्यादेत मला काहीच सांगत नव्हत्या. पकड एवढी, की गाडी कुठे सुटेल याचा पत्ता लागायला गुन्हा करण्याइतका वेग लागेल. प्रायमसीवाली जीआर ८६ मात्र तीस मैलांवर बोलत होती. पोटात गोळा आला तो क्षण मी आता वेगळ्या बाजूने बघायला लागले. गाडीने मला घाबरवलं नव्हतं, कळवलं होतं. अण्णांचे हात जे ऐकत होते ते हेच. पद्मिनीच्या अरुंद टायरांमुळे घाटात तीसच्या वेगाला सगळं समजायचं, आणि तीसच्या वेगाला सावरताही यायचं. या गाड्यांच्या साध्या मॉडेलांचे टायर आधीपासूनच मुद्दाम बेताच्या पकडीचे ठेवलेत, कमी वेगात मजा यावी म्हणून. त्या दिवशी मला ते पटलं.

म्हणून नोव्हेंबरमध्ये मी साधी जीआर ८६ घेतली, १७ इंची चाकांची, वहीतल्या निर्णयाच्या अगदी उलट. किंमत ३० हजार डॉलरच्या आसपास. पुण्यातल्यांनी विचारायच्या आधीच सांगते, भारतात यातली एकही विकत नाहीत. प्रीमियम पेट्रोल लागतं, आणि एका लिटरमध्ये नऊ-साडेनऊ किलोमीटर जाते. मागची सीट माणसांसाठी नाही; माझी दहा वर्षांची मुलगीही तिथे पाय दुमडून बसते. पण ती सीट आडवी केली की मागे चार सुटी चाकं मावतात. ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी तशी सोय ठेवलीय.

ट्रॅकवर मी गेले. सरकणं शिकायचं ते सार्वजनिक रस्त्यावर नाही, यावर मी ठाम आहे. पार्कवेवर समोरून सायकलवाले येतात. टोयोटा नव्या गाडीबरोबर नासाचं एक वर्षाचं सभासदत्व देते. नासा म्हणजे अवकाशवाली नव्हे, नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन. त्यात एक दिवस शिक्षकासोबत ट्रॅकवर गाडी चालवायला मिळते. मी २०२४ च्या वसंतात साउथ कॅरोलायनातल्या कर्शॉला, कॅरोलायना मोटरस्पोर्ट्स पार्कवर गेले. शिक्षक शेजारी बसून दोनच शब्द सांगत होते: "लांब बघ." सरकलेल्या गाडीत माणूस जवळ बघतो, जिथे आदळू असं वाटतं तिथे. डोळे जिकडे, हात तिकडेच जातात. दुपारपर्यंत मागची बाजू चार वेळा सरकली, आणि चौथ्या वेळी मी ॲक्सिलरेटर पूर्ण न सोडता जरासा सोडला, स्टिअरिंग बोटभर फिरवलं. गाडी रेषेवर आली. शिक्षक काही बोलले नाहीत, फक्त हाताने पुढे जा अशी खूण केली. मी हेल्मेटच्या आत रडत होते.

संध्याकाळी अण्णांना फोन केला. त्यांनी विचारलं, "पाऊस होता काय?" मी म्हटलं, नव्हता. "मग पावसात कर एकदा," म्हणाले, आणि आईला फोन दिला.

आता ज्यांना खरोखर यातली एक घ्यायची आहे त्यांच्यासाठी. मामेभावाच्या मित्राने, जो अटलांटात असतो, मागच्याच आठवड्यात विचारलं. त्याला मी आधी त्याचा रोजचा रस्ता विचारला. रोज तास-दीड तास काँक्रीटच्या हायवेवर जाणार असेल तर बीआरझेड घे म्हणून सांगितलं, पाठ दुवा देईल. दोन्ही चालवून बघणार असशील तर आधी खाली वाक, चारही टायरांची अक्षरं वाच, हवा मोज, आणि मगच गाडीत बस.

माझे मागचे दोन टायर या महिन्यात बदलायला झालेत. दुकानदाराने जास्त पकडीचे सुचवले, थोड्याच पैशांचा फरक आहे म्हणाला. मी त्याला तेच आधीचे मागवायला सांगितले.