कांपेनच्या मुक्याचा गलबला

रविवार, रात्री

आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये फक्त एका चित्रासाठी गेले. डच चित्रकार हेंड्रिक आव्हेरकांपचं, १६०८ च्या सुमाराचं, गोठलेल्या पाण्यावर स्केटिंग करणाऱ्या गावकऱ्यांचं. इथे नेदरलँड्समध्ये हिवाळा आला की आव्हेरकांपची चित्रं शुभेच्छापत्रांवर दिसायला लागतात, त्यामुळे मनात त्याची उगाच एक गोग्गोड प्रतिमा झाली होती. मूळ चित्र लाकडी फळीवर, १३२ सेंटिमीटर रुंद. तिच्यासमोर, रखवालदार खाकरेपर्यंत पुढे वाकून, तासभर उभी राहिले आणि तो गोडवा पार उतरला.

डाव्या कोपऱ्यात मेलेल्या जनावराचा सांगाडा पडलाय आणि कुत्रं त्याचे लचके तोडतंय. जवळच एक जुनं दार काठीच्या टेकूवर तिरपं उभं केलंय. खाली दाणे टिपायला पाखरं आली की दोरी ओढायची आणि दार अंगावर पाडायचं. कोणीतरी आडोशाला लघवीला उभं आहे, कोणाचा उघडा पार्श्वभाग दिसतोय. एकजण सपशेल आपटलाय. लेसच्या गळपट्ट्यातले श्रीमंत आणि फाटक्या अंगरख्यातले गरीब एकाच बर्फावर, आणि घसरून पडण्याच्या बाबतीत दोघांनाही सवलत नाही. उजवीकडच्या लाकडी खोपटाच्या भिंतीवर पोरांनी गिरगटावं तशी चित्रकाराची सही. शुभेच्छापत्रावर यातलं काही दिसत नाही, तेवढ्या आकारात सगळे रंगीत ठिपके होतात.

संध्याकाळी आईला फोटो पाठवला. तिनं आधी तो दाराचा सापळाच हेरला. ‘‘अगं, आम्ही डालं पालथं घालून, काठीला सुतळी बांधून चिमण्या धरायचो, तेच की हे!’’ मग म्हणाली, ‘‘पण एवढ्या थंडीत ही माणसं घरात का नाही बसत?’’

याचं उत्तर सोपं आहे. ‘लघु हिमयुग’ म्हणतात त्या, काही शतकं चाललेल्या जास्तच थंड काळातले हे हिवाळे, आणि १६०७-०८ चा तर त्यातही कडक. नद्या-कालवे गोठले की बोटी अडकायच्या. मग पाण्याचाच रस्ता व्हायचा, बाजार, मैदान, सगळं त्याच्यावरच. कोल्फ (काठीनं चेंडू टोलवायचा खेळ) खेळायचे, घसरगाड्या ओढायचे, बर्फाला भोक पाडून मासे धरायचे.

आव्हेरकांपचा जन्म १५८५ चा, ॲम्स्टरडॅमचा. वर्षभरातच कुटुंब आयसल नदीकाठच्या कांपेनला गेलं, वडिलांनी तिथे औषधांचं दुकान चालवलं. मुलगा मुका, बहुधा ऐकूही येत नसावं. लोक त्याला ‘कांपेनचा मुका’ असंच म्हणायचे. चित्रकला शिकायला तो ॲम्स्टरडॅमला पीटर इसाक्सकडे राहिला. सोळाव्या शतकातल्या ब्रूगेल या चित्रकाराच्या हिमदृश्यांची परंपरा घेऊन दक्षिणेकडून, आजच्या बेल्जियममधून, परागंदा झालेले फ्लेमिश चित्रकार तेव्हा त्या शहरात होतेच. पुढे तो कांपेनला परतला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. नुसत्या हिवाळ्यावर पोट भरणारे डच चित्रकार त्याच्याआधी जवळजवळ नव्हतेच.

काम कसं करायचा हे मला जास्त रंजक वाटतं. माणसांची रेखाटनं करून ठेवायची: बूट बांधणारा, पाठमोरी बाई, काठीवर रेललेला कोळी. मग घरात बसून लाकडाच्या फळीवर तैलरंगात त्यांची जमवाजमव. एकच माणूस पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या चित्रांत भेटतो. आज पाहिलेलं गावही तसंच रचलेलं, नकाशावर शोधून सापडायचं नाही. शिवाय जलरंगात रंगवलेली सुटी रेखाटनंही तो विकायचा, हौशी लोक ती वहीत चिकटवत. सुरुवातीच्या चित्रांत क्षितिज खूप वर, म्हणजे आपण गच्चीवरून बघतोय असं वाटतं आणि खाली शेकडो माणसं मावतात. नंतर ते खाली येतं, आकाश वाढतं, गर्दी विरळ होते. लांबची माणसं राखाडी-गुलाबी धुक्यात इतकी फिकट होत जातात की कुठली शेवटची हे ठरवता येत नाही. या शेवटच्या माणसांसाठी मी आणखी तासभर उभी राहिले असते. नंतरची शांत चित्रं जास्त परिपक्व आहेत म्हणे. असतील. मला गर्दीचीच आवडतात.

त्याच्याबद्दल लिहिताना बहुतेकांची लेखणी हळवी होते: बिचारा मुका, जगापासून तुटलेला, लांबून बघत बसणारा. मला हे पटत नाही. लघवीला उभा राहिलेला माणूस रंगवणाऱ्याला लोकांचं किती बारीक ठाऊक होतं! गावात मिसळून, लोकांच्या फजितीवर मनापासून हसणाऱ्याचं हे काम आहे. आणि काय तो गलबला! कोल्फच्या काठ्या, कुत्री, घोड्यांच्या घंटा, पडणाऱ्यांची हाय हाय.

काळजी खरी होती ती त्याच्या आईला. वडील १६०२ च्या प्लेगात गेले होते. आईनं १६३३ साली मृत्युपत्रात लिहून ठेवलं, की आपला हा अविवाहित मुलगा मुका आणि दीनवाणा आहे, तेव्हा घरच्या पैशातून त्याला हयातभर वर्षाला १०० गिल्डर जादा द्यावेत. मुलगा तोवर अठ्ठेचाळिशीचा, नाव झालेला चित्रकार. तरी आईच्या लेखी दीनवाणाच. दोघांचंही मला खरं वाटतं, तिच्या कागदाचंही आणि त्याच्या फळीचंही. ती तरतूद त्याच्या फारशी कामी आली नाही. आई त्याच हिवाळ्यात गेली आणि १६३४ च्या मे महिन्यात तोही. तिथल्याच मोठ्या चर्चमध्ये त्याला पुरलं.

शेजारचे आजोबा दर जानेवारीत थर्मामीटर बघतात. उत्तरेकडच्या फ्रीस्लंड प्रांतातली अकरा शहरांची ती २०० किलोमीटरची स्केटिंगची शर्यत भरवायची तर वाटभर १५ सेंटिमीटर जाड बर्फ लागतो. शेवटची झाली १९९७ मध्ये. आव्हेरकांपला आज विषय मिळवायला मुश्कील झाली असती, असं मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, ‘‘त्यानं पाऊस रंगवला असता. पावसातही लोक पडतातच.’’

कांपेनला जायचंय. झ्वोलेला गाडी बदलली की पुढे दहाएक मिनिटं. शनिवारचा अंदाज नऊ अंश आणि पाऊस.