नाणेघाट: उलट्या धबधब्यापेक्षा शेवटची नाळ लक्षात ठेवा

पाऊस आहे म्हणजे नाणेघाटचा धबधबा उलटा उडणारच, हे डोक्यातून काढून टाका. व्हिडिओ बघून निघालेले निम्मे लोक इथेच फसतात. त्याला वारा लागतो. जुलै-ऑगस्टात कोकणातून आलेला वारा उभ्या कड्यावर आदळून वर चढतो आणि बारीक धारेचे तुषार माथ्यावर परत फेकतो. रात्रभर कोसळून धार जाड झाली, तर ती सरळ खालीच जाते. ढग उतरला तर धारही दिसत नाही. वारा पडलेला असेल तर तासभर थांबूनही हाती काही लागत नाही. मध्यम सरी आणि जोराचा वारा, असाच दिवस निवडा.

कड्याच्या टोकाला वाऱ्यावर रेलून फोटो काढणारे दिसतात. हे अजिबात करू नका. वारा एकसारखा नसतो, झोतांनी येतो. झोत अचानक थांबला की रेललेला माणूस पुढे जातो. दहा फूट मागे बसलात तरी तुषारांनी चिंब व्हाल.

कोकणाकडून येताना वैशाखरे गाव सोडल्यावर माळशेजच्या रस्त्यालाच नाणेघाटच्या वाटेची सुरुवात आहे. तिथून माथा अडीच-तीन तासांवर. जंगलातली चाल सोपी. खरा त्रास शेवटच्या नाळेत, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीत. ही जुनी, दगडी फरसबंदीची वाट. पायऱ्या शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या, त्यात पावसात पूर्ण नाळेचा ओढा होतो. चढताना पाणी समोरून येतं, पायरीची कड दिसते. उतरताना ती पाण्याखाली दडते आणि हिरव्या शेवाळावरून टाच सुटते. झिजलेल्या तळाचे बूट इथे निव्वळ धोका. कडेच्या कातळाला हात लावून, पाऊल आडवं टाकत उतरा. काठी दगडांच्या फटीत अडकते, ती पाठीला बांधा. गर्दीच्या रविवारी याच टप्प्यावर रांग तुंबते आणि मागचे ढकलतात. शनिवार-रविवार टाळाच.

नाळेच्या तोंडाशी लेणं आहे. धबधब्याच्या नादात बहुतेक जण तिथे फक्त डबा खातात, याचं वाईट वाटतं. डाव्या-उजव्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे: अश्वमेध, राजसूय आणि त्यांत दिलेली दानं. टॉर्च समोरून मारू नका, बाजूने तिरपा धरा. अक्षरं उठून दिसतात. दानांचे आकडे शोधा. शून्य नाही, म्हणून ४०० लिहिताना शंभराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडलेलं आहे. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका यांचे पुतळे होते. आता वर नावं आणि खाली पावलांच्या खुणा, एवढंच उरलंय. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा सांगतात.

फक्त धबधबा हवा असेल तर जुन्नरकडून चावंड, घाटघरमार्गे गाडी थेट माथ्यावर जाते. पार्किंगचे पैसे गाडी लावण्याआधीच ठरवून घ्या, परतताना दर वाढलेला असतो. पण घाट बघायचा असेल तर कोकणातूनच चढा. सातला चालायला लागा आणि दुपारी दोनला, पाऊस थांबलेला असो वा नसो, उतरायला नाळेत पाय घाला. संध्याकाळी ढग उतरला की त्या पायऱ्यांवर दोन हातांपलीकडचं दिसत नाही.