माझा अनुभव : दुकानाचं तोंड बदलताना मुद्रा कर्ज, कोटेशन आणि पाटी

मुद्रा म्हणजे छोट्या धंद्यासाठी सरकारी योजनेतून मिळणारं बँकेचं कर्ज, आणि त्यात सबसिडी नसते. हे आधीच सांगतो, कारण जळगावच्या बाजारात ‘पस्तीस टक्के माफ करून देतो’ म्हणणारा एखादा एजंट भेटतोच. ते 35 टक्के पीएमईजीपी या वेगळ्या, रोजगारनिर्मितीच्या सरकारी योजनेचे. तेही ग्रामीण भागात आणि विशेष प्रवर्गाला, आणि त्यातलं पहिलं कर्ज नव्या उद्योगालाच मिळतं. चालू दुकानाचा दर्शनी भाग नवा करायचा म्हणून मी मुद्राच्याच वाटेनं गेलो. मुद्राचे गट असे : शिशु 50 हजारांपर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत, तरुण 10 लाखांपर्यंत. तरुण घेऊन फेडलेल्यांना पुढे 20 लाखांपर्यंत तरुण प्लस. शटर, काच, पाटी आणि लायटिंग एवढं काम किशोरमध्ये बसतं.

अमेरिकेतल्या अनेक शहरांत दुकानाच्या दर्शनी भागासाठी पालिकाच अनुदान देते. तिथेही मंजुरीआधी सुरू केलेलं काम सहसा धरत नाहीत, आणि पैसे बिल दाखवल्यावर परत मिळतात. आपल्याकडे ते कर्ज आहे, पण गोम तीच : आधी कागद, मग हातोडा. जुनं शटर उतरवून ठेवलं आणि मग बँकेत गेलात, तर साहेब विचारतात, काम तर सुरू झालंय, मग कर्ज कशाला?

कागदांत शॉप अ‍ॅक्टची पावती, उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), चालू खात्याचं स्टेटमेंट, रिटर्न, भाडेकरार आणि मालकाचं ना हरकत पत्र लागलं. उद्यम नोंदणी फुकट आहे, आधारच्या ओटीपीवर होते. त्यासाठी पैसे मोजू नका. व्यापाऱ्यांना उद्यममध्ये 2021 पासून घेतलंय, पण फायदा प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरताच, म्हणजे बँकांना ज्या क्षेत्रांना ठरावीक वाटा द्यावाच लागतो तेवढ्यापुरता. नोंदणीत धंद्याचा कोड निवडावा लागतो; किरकोळ विक्रीचे कोड 47 ने सुरू होतात, तेवढे नीट निवडा. नाव सगळीकडे सारखं हवं. एका कागदावर ‘ट्रेडर्स’ आणि दुसऱ्यावर ‘ट्रेडिंग’ असेल तर फाइल तिथेच अडते. गाळा मनपाचा असेल तर करार चालू आहे का, ते सगळ्यात आधी बघा. तारणाची काळजी नको, दहा लाखांपर्यंतच्या अशा कर्जाला बँकेनं तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

खरी अडचण कोटेशनची. बँक पैसे आपल्या हातात देत नाही, ज्याचं कोटेशन त्याच्या खात्यात टाकते. आणि आपला फॅब्रिकेटर, म्हणजे शटर-पाटीचं काम करणारा, म्हणतो, “बिल कशाले पाहिजे भाऊ, चिठ्ठीवर करून देतो.” चिठ्ठी बँकेत चालत नाही. म्हणून कामाचे दोन भाग केले. काच, एसीपी (पाटीला लावायची अ‍ॅल्युमिनियमची शीट), शटर आणि पाटी जीएसटी नंबरवाल्याकडून, ते कर्जातून. गवंडी, रंगारी, तोडफोड, मलबा हे रोखीचं काम स्वतःच्या पैशातून. कोटेशनमध्ये जीएसटी धरलाय का, ते बघा. दोन लाखांच्या कामावर 18 टक्क्यांनी 36 हजार वाढतात, आणि मंजुरी दोन लाखांचीच आली तर ते खिशातून जातात. मुदतही वाचा. लोखंडाचा भाव हलतो, म्हणून कोटेशन पंधरा-तीस दिवसांचंच असतं आणि बँकेची फाइल त्याहून सावकाश चालते.

आता कामाकडे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानाची पाटी दुपारभर तापते. एसीपी शीट 8 बाय 4 फुटांची येते, 12 बाय 3 ची पाटी म्हणजे दोन शीट. 50 अंशांच्या फरकाला आठ फुटांचं अ‍ॅल्युमिनियम जवळपास तीन मिलिमीटर वाढतं. शीट एकमेकींना चिकटवून लावल्या की पहिल्याच उन्हाळ्यात फुगतात. मध्ये 8-10 मिलिमीटरची फट ठेवून सिलिकॉन भरून घ्यायचं. वरची प्लास्टिक फिल्मही काम संपलं की लगेच काढा. उन्हात ती शीटला धरून बसते आणि मग तुकड्या-तुकड्यानं खरवडावी लागते.

पाटीच्या मागे शटरचा ड्रम असतो, हे पाटीवाला विसरतो. सगळं बंद करून टाकलं आणि स्प्रिंग तुटली, तर पाटी फोडूनच आत हात जातो. एक शीट स्क्रूवर, उघडणारी ठेवायला सांगा. हे कोटेशनवरच लिहून घेतलेलं बरं.

टफन काच एकदा भट्टीतून निघाली की तिला कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. कुलूप, हँडल, पॅच फिटिंग (काच धरणाऱ्या धातूच्या पकडी) यांची भोकं आधीच ड्रॉइंगमध्ये द्यावी लागतात. जुन्या गाळ्यांच्या भिंती ओळंब्यात नसतात, म्हणून माप वर, मध्ये आणि खाली घ्या, सगळ्यात कमी माप धरा. दरवाजाला 12 मिलिमीटरची काच आणि खाली फ्लोअर स्प्रिंग, म्हणजे दरवाजा आपोआप मिटवणारी जमिनीतली स्प्रिंग. तिच्या डब्यासाठी फरशी लावायच्या आधीच खड्डा सोडायला हवा.

पाटीच्या लायटिंगचे एलईडी मॉड्यूल 1.2 वॅटचे शंभर बसवले तर 120 वॅट होतात. त्यावर 150 वॅटचा एसएमपीएस (एलईडीला वीज देणारा डबा) घ्या, आणि तो पाटीच्या डब्यात नाही, दुकानात सावलीला बसवा. उन्हानं आधी तोच जातो.

पाटीवर नाव देवनागरीत, मराठी अक्षरं आधी, आणि दुसऱ्या कुठल्याही लिपीपेक्षा लहान नकोत. 2022 पासून दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही हे लागू आहे. इंग्रजी मोठं करून मराठी कोपऱ्यात टाकायचं डिझाइन पाटीवाले अजूनही दाखवतात, ते नाकारा. पायरी आणि पत्रा गटारीच्या पुढे काढू नका, अतिक्रमणवाले आले की नवीन-जुनं बघत नाहीत.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी लग्नसराईसाठी सगळ्यांनाच दुकान नवं हवं असतं, त्यामुळे तेव्हा कारागीर मिळत नाही आणि मार्चअखेरीला बँकेत कोणाला वेळ नसतो. पावसाळा उघडल्यावर फाइल टाकलेली बरी. काम झालं की बिलं आणि फोटो बँकेत द्या. दुकानाच्या विम्यात काच आणि पाटी वेगळी लिहून घ्या. पॉलिसी फक्त मालाची असेल, तर फुटलेल्या काचेचे पैसे मिळत नाहीत.