आज शी झाली का?

घरात कोणी आजारी असलं की आपण विचारतो, "आता बरं वाटतंय का?" आमच्या पेशंटना हे विचारून उपयोग नसतो. म्हणून सकाळच्या पाळीला आले की मी रात्रपाळीवाल्या मदतनिसाला विचारते, "शी झाली का?" नमस्कार-चमत्कार त्यानंतर.

मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते म्हटलं की समोरच्याचा चेहरा उजळतो. "कित्ती मज्जा! दिवसभर पिल्लांशी खेळायचं!" खेळते ना, पण आधी बादली, फडकं आणि ब्रश यांच्याशी. त्याचाही क्रम ठरलेला. धडधाकट पिल्लांचे पिंजरे आधी, संसर्गवाल्यांचे सगळ्यात शेवटी. उलटं करायचं नाही, कारण पार्व्होचा, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांचा, विषाणू जमिनीवर महिनोन् महिने तग धरतो आणि नुसत्या साबणाला तो भीक घालत नाही. आधी घाण पूर्ण काढायची, मग ब्लीचचं पाणी टाकून फरशी दहा मिनिटं ओली ठेवायची. ती दहा मिनिटं नुसतं बघत उभं राहणं मला अजून जमत नाही. पुसून टाकायला हात शिवशिवतात.

तापाचंही वेगळंच गणित. आपल्या अंगात 101 ताप आला की आपण रजा टाकून पांघरूण घेतो. कुत्र्याचं ते रोजचंच. 101 ते 102.5 फॅरनहाइट म्हणजे स्वारी ठणठणीत. फक्त थर्मामीटर जिथे लावावा लागतो ती जागा त्याला पसंत नसते, आणि कोणी लावला हे तो विसरत नाही.

पण खरी बातमी मिळते ती ट्रेमध्ये. डांबरासारखी काळी आणि चिकट शी दिसली की पोटात वरच्या भागात कुठेतरी रक्त जात असेल, अशी शंका घ्यायची. ताजं लाल दिसलं तर बहुधा खालच्या भागातलं. सशाच्या लेंड्या तर मी वाण्यासारख्या पारखते. आकार लहान होत चालला की जीव धास्तावतो, कारण सशाने अर्धा दिवस काही खाल्लं नाही तरी त्याचं आतडं थंडावू शकतं. (कामाला नवी असताना एक ससा स्वतःचीच मऊ शी तोंड लावून खाताना पाहिला आणि किंचाळत डॉक्टरांकडे गेले. "जेवतोय तो," डॉक्टर म्हणाले. ससे अन्नातला कस असा दुसऱ्या फेरीत काढून घेतात. ते पूर्णपणे निरोगी असल्याचं लक्षण होतं. माझा चेहरा मात्र दिवसभर निरोगी दिसत नव्हता.)

मांजर हे सगळ्यात कठीण प्रकरण. दुखणं लपवावं तर मांजरानेच. डॉक्टरांसमोर टेबलावर बसतं ते दगडाचं होऊन. दहा मिनिटांच्या तपासणीत ते काय सांगणार? मी त्याला दिवसभर बघते, एवढीच माझी विद्या.

एकदा एक बोका पायाच्या जखमेसाठी दाखल होता. जखम छान भरत होती, मालक खूश होते. दुपारी मी पाहिलं, तो ट्रेमध्ये जाऊन बसला, उठला, पुन्हा बसला. बद्धकोष्ठ असेल, असंच कोणालाही वाटलं असतं. मी रेतीत हात घातला. कोरडी. सकाळी बदललेली रेती तशीच होती, लघवीचा एकही ओला गोळा नव्हता. बोक्याला शी होत नसेल तर थोडं थांबता येतं. लघवी अडली असेल तर थांबता येत नाही. एक-दोन दिवसांत जीव जातो. मी डॉक्टरांच्या चालू तपासणीतच घुसले. त्यांनी पोट चाचपलं. मूत्राशय लिंबाएवढं टणक लागलं. पुढचा तासभर मी फक्त त्याला धरून होते.

नळी घातल्यावर लघवी सुटली, रंग गुलाबीसर. मालकांचा फोन आला तेव्हा काय सांगावं ते सुचेना. "लघवी झाली," मी म्हणाले. पलीकडे क्षणभर शांतता, मग हुंदका. एवढ्या दोन शब्दांवर कोणी रडावं, हे या कामाबाहेर कुठे घडत असेल असं मला वाटत नाही.

नळी काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्या पिंजऱ्याचं दार उघडलं, तर साहेब कान मागे टाकून ख्यॅऽक करून माझ्यावर आले. हातमोजे होते म्हणून बरं. मग त्यांनी ट्रे पण उलथवला. मी खाली बसून रेती गोळा केली. चार ओले गोळे निघाले. दोनदा मोजले.