खांदा बरा झाला, रिपोर्ट ‘नॉर्मल’ कुठून आणू?

दुखणं कसं लागलं यात सांगण्यासारखं फार नाही. मी ५७ वर्षांचा, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअरला आहे. वरच्या रॅकवरची खोकी उतरवता उतरवता उजवा खांदा धरला. पुढं पुढं त्या कुशीवर झोपता येईना, शर्टाच्या बाहीत हात घालताना डोळ्यांत पाणी यायचं. राजारामपुरीतल्या हाडांच्या डॉक्टरांनी हात सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला, एक्स-रे काढला, शुगर तपासली (शुगरवाल्यांचे खांदे आखडतात, ते आधी बघावं लागतं म्हणे) आणि व्यायामाला पाठवलं. एमआरआयची गरज नाही म्हणाले.

गरज होती ती हजेरी-रजा बघणाऱ्या आमच्या टाईम ऑफिसला. रजा लांबली तर पुरावा जोडा, असा निरोप आला. म्हणून काही हजार घालून एमआरआय काढला. अंगठी, करदोटा, सगळं धातूचं काढून ठेवा. आत ठोकाठोकीचा आवाज असतो, कानात कापूस मागून घ्या.

रिपोर्टात काय नव्हतं! सुप्रास्पिनेटस टेंडिनोसिस (खांद्यावरच्या स्नायूबंधाची झीज), पार्शल थिकनेस टिअर (तो आरपार नाही, पण थोडा फाटलेला), एसी जॉइंटची, म्हणजे खांद्याच्या माथ्यावरच्या छोट्या सांध्याची झीज, बर्सात (सांध्याजवळच्या पिशवीत) थोडं पाणी. घरात सगळ्यांची तोंडं उतरली. डॉक्टरांनी मात्र शांतपणे वाचलं आणि म्हणाले, “दुखणं खरं आहे, फोटोत दिसतंय तेही खरं आहे. पण यातल्या कशामुळं दुखतंय हे फोटो सांगत नाही. डाव्या खांद्याचा काढला तर तिथंही यातलं बरंच सापडंल. केस पांढरे झाले म्हणून डोकं दुखतं का?”

मग व्यायाम. रबरी पट्टा ओढायचा, भिंतीवर बोटं चढवत न्यायची, काठी धरून हात बाहेर फिरवायचा. पहिले काही आठवडे फरक वाटेना, तीनेक महिन्यांत हात डोक्यावर गेला. रात्रीची झोप त्याच्या आधीच परत आली. डॉक्टरांनी फिटनेसचा दाखला दिला आणि मी खुशीत कामावर गेलो.

खरी गोष्ट इथून पुढं.

टाईम ऑफिसातल्या पोरानं दाखला बाजूला ठेवला आणि फाईलमधला एमआरआय काढला. “मामा, इथं टिअर लिहिलंय की. टिअर म्हंजे फाटलंय. आत घेतलं आणि उद्या काय झालं तर माझ्या गळ्यात. नॉर्मल रिपोर्ट आणा.” मी त्याच्यासमोर दोन्ही हात वर करून दाखवले. म्हणाला, हात माझ्या फाईलला लागत नाही, कागद लागतो. ज्या कागदाची डॉक्टरांना गरज नव्हती, जो यांनीच मागितला, तोच आता माझ्या आडवा आला होता.

परत डॉक्टरांकडं. “दुसरा एमआरआय मी लिहून देणार नाही. दुखणं गेलं म्हणजे फोटो कोरा होतो असं नाही. पुन्हा तेच शब्द येतील आणि तुमचे पैसे जातील.” परत टाईम ऑफिस. साहेब पुण्याला गेलेत. मग साहेब मीटिंगमध्ये. मग साहेब भेटले आणि म्हणाले, “त्यापेक्षा दुर्बिणीतून ऑपरेशन करून टाका, म्हणजे रिपोर्ट क्लिअर होईल.” म्हणजे बऱ्या झालेल्या खांद्यावर कागदासाठी सुरी फिरवायची! बरं, टिअर शिवून घेतली तरी शिवलेली जागा एमआरआयमध्ये अगदी कोऱ्यासारखी दिसेलच असं नसतं, हेही मला डॉक्टरांकडूनच कळलं.

डोकं फिरलं तसा मी भाच्याला कामाला लावला. त्यानं अभ्यास काढून दिले. १९९५ चा अमेरिकेतला एक आहे: खांदा अजिबात न दुखणाऱ्या ९६ जणांचे एमआरआय काढले, ३४ टक्के लोकांत स्नायूबंध थोडा किंवा पूर्ण फाटलेला, साठीच्या पुढच्यांत तर ५४ टक्के. जपानातल्या एका गावात ६६४ लोकांचे खांदे सोनोग्राफीनं बघितले. सुमारे २२ टक्के लोकांत आरपार फाटलेलं होतं आणि त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश लोकांचा खांदा दुखतच नव्हता. २०१८ ला ब्रिटनमध्ये खांद्यातलं हाड घासायच्या ऑपरेशनची नुसती दुर्बीण घालून बाहेर काढण्याशी तुलना केली, दुखण्यात म्हणावा असा फरक निघाला नाही. ही प्रिंट मी टेबलावर ठेवली. पोरानं वाचली, “भारी आहे मामा” म्हणाला आणि परत दिली. फाईलला लागत नाही!

सुटका झाली ती वेगळ्याच कागदानं. डॉक्टरांना म्हटलं, आजाराचं नाव लिहूच नका, मी काय करू शकतो ते लिहा. त्यांनी लिहिलं: उजवा हात डोक्यावर पूर्ण जातो, जोर लावून तपासलं तर ताकद डाव्याइतकी, कमरेच्या उंचीवरचं वजन उचलायला हरकत नाही, खांद्याच्या वरचं जड ओझं सहा आठवडे नको. आणि शेवटची ओळ, ‘एमआरआयमधील बदल वयानुसार आढळणारे, कामास अडथळा नाही.’ हे घेऊन मी टाईम ऑफिसला न जाता, कारखान्यात ठरलेल्या वारी येणाऱ्या कंपनी डॉक्टरांना गाठलं. त्यांनी हात वर करायला लावला, बाहेर ढकलायला लावला, मागं पाठीला लावायला लावला आणि उभ्या उभ्या सही केली. तीच सही घेऊन खाली गेलो तर पोरानं शिक्का मारला, रिपोर्टाकडं बघितलंही नाही.

एक राहिलं. पडल्यावर, झटका बसल्यावर एकाएकी हात उचलताच येत नसेल तर माझं ऐकून व्यायाम करत बसू नका, तिथं लवकर तपासणी लागते. ताप असेल, खांदा लाल होऊन सुजला असेल, तेव्हाही तसंच. आणि डाव्या खांद्याबरोबर छाती भरून आली, घाम फुटला तर हाडांच्या नव्हे, हृदयाच्या डॉक्टरांकडं पळा.

मधल्या हेलपाट्यांचे दिवस बिनपगारी धरलेत. त्याचा अर्ज दिलाय, साहेब पुन्हा पुण्याला गेलेत.