सान ब्लास ते मान्सानियो: शिडाच्या होडीतून

सान ब्लासला आम्ही गावाच्या बंदरात न शिरता शेजारच्या मातांचेन उपसागरात नांगर टाकला, कारण बंदराच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या आणि तिथून आत जायला आमचे मन धजेना. मी आणि माझे पती ३६ फुटी होडीने मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याने दक्षिणेकडे निघालो होतो. जून ते नोव्हेंबर हा तिथला वादळांचा काळ असल्यामुळे शिडाच्या होड्या हिवाळ्यातच हा किनारा धरतात.

सान ब्लास आज झोपाळू वाटते, पण १७६८ साली स्पॅनिश सत्तेने इथे आरमारी तळ उभारला आणि कॅलिफोर्नियाकडे जाणारी जहाजे इथूनच सुटू लागली. गावामागच्या टेकडीवर कोंतादुरिया या जुन्या हिशेबघराचे दगडी अवशेष आहेत. तिथून खाली पाहिले की एका बाजूला समुद्र आणि बाकी सगळीकडे खारफुटी दिसते. गावात राहणाऱ्याला मात्र या देखाव्यापेक्षा ‘हेहेन’ची काळजी अधिक. आपल्याकडच्या चिलटांसारखे हे बारीक कीटक सूर्य कलू लागला की चावायला येतात आणि चावा आठवडाभर खाजतो. दोन संध्याकाळी सोसून आम्ही निघालो.

पुढे काबो कोरिएंतेस हे मोठे भूशिर लागते. दुपारी तिथे वायव्येचा वारा जोर धरतो, म्हणून आम्ही ते पहाटेच्या अंधारात ओलांडले. चामेला आणि तेनाकातिता या दोन उपसागरांत विसावा घेत आठवड्याभराने बारा दे नाविदादला पोहोचलो.

‘बारा’ म्हणजे वाळूचा दांडा. एका अंगाला खुला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधल्या चिंचोळ्या दांड्यावर गावाच्या गल्ल्या वसलेल्या आहेत. खाडीत शिरण्याचा मार्ग अरुंद आहे, आणि मी बोयांच्या थोडी बाहेरून गेल्यामुळे होडी चिखलात रुतली. इथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर असतो, त्यामुळे पाणी चढून होडी सुटेल याची वाट पाहण्यात अर्धा दिवस गेला असता. तेवढ्यात एक कोळी आपली ‘पांगा’, म्हणजे मासेमारीची लहान उघडी होडी, घेऊन आला. त्याने दोर आमच्या होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, न बांधता डोलकाठीच्या वरच्या टोकावरून घेतला आणि होडी एका कुशीवर कलवून, तळाचा कणा चिखलातून सुटताच, हळूच खोल पाण्यात ओढली. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. फार आग्रह केल्यावर त्याने इंधनापुरते घेतले. त्याच्या त्या कसबाची आठवण मला आजही होते.

याच उथळ खाडीतून २१ नोव्हेंबर १५६४ रोजी मिगेल लोपेस दे लेगास्पी हा स्पॅनिश मोहिमेचा प्रमुख चार जहाजे घेऊन फिलिपिन्सकडे गेला. परतीची वाट तोवर कोणाला सापडलेली नव्हती. ताफ्यापासून सुटलेले ‘सान लुकास’ हे लहान जहाज १५६५च्या ऑगस्टमध्ये इथेच परतले, आणि दोन महिन्यांनी ‘सान पेद्रो’ आकापुल्कोला पोहोचले. पुढे फिलिपिन्समधल्या मनिलाहून येणारी स्पॅनिश व्यापारी जहाजे आकापुल्कोच्या खोल आणि सुरक्षित बंदरात लागू लागली. ही ये-जा १८१५पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे, चालली. रुतलेल्या होडीत बसून मोठी जहाजे ही जागा का सोडून गेली असतील ते मला नकाशाशिवाय समजले.

तिथून कोलिमा राज्यातले मान्सानियो दिवसभराच्या अंतरावर आहे. सान्तियागो उपसागरात नांगर टाकून आम्ही डिंगीने किनाऱ्यावर आलो, तर रस्त्याच्या कडेला एक गृहस्थ मोठ्या भोपळ्यातून पांढुरके पेय ओतून विकत होते. नाव विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘तुबा’. वर शेंगदाणे घालून त्यांनी पेला माझ्या हाती दिला. पहिल्याच घोटाला मला मालवणचे माझे आजोळ आठवले, कारण ती माडी होती: गोडसर, किंचित आंबूस, जिभेवर चुरचुरणारी.

माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, बांधून तिच्या टोकाला काप द्यायचा आणि खाली भांडे टांगून रस गोळा करायचा, ही रीत मनिलाच्या जहाजांवरून आलेल्या फिलिपिनो खलाशांनी इथे आणली, आणि ‘तुबा’ हा शब्दही त्यांचाच. ज्या प्रवासांची सुरुवात बाराच्या चिखलाळ खाडीतून झाली त्यांच्यामागोमाग ती आली होती. आमच्या गावाकडे भंडारी माडावर चढून पोय कशी छेदतात ते मी त्या गृहस्थांना हातवारे करून दाखवले. ते क्षणभर पाहत राहिले, मग त्यांनी आपल्या कोयत्याची मूठ माझ्यापुढे धरली आणि काप कोणत्या कोनात द्यायचा ते दाखवू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी आम्ही पुन्हा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ताजी तुबा जवळजवळ नीरेसारखी गोड होती.